फक्त मेमरी वाढवून हवी होती

मी पाचव्यांदा टिक काढली आणि पाचव्यांदा ती आपोआप परत आली.

दुकानाच्या दाराशीच एक उभा स्क्रीन होता. 'तुमचा लॅपटॉप तुम्हीच घडवा' असं त्यावर हसऱ्या अक्षरांत लिहिलेलं. मला काही घडवायचं नव्हतंच. सगळ्यांत पातळ, पंखा नसलेला, अजिबात आवाज न करणारा जो लॅपटॉप होता तोच हवा होता. फक्त मेमरी वाढवून. आठऐवजी बत्तीस, एवढंच. पण बत्तीसवर बोट ठेवलं की मोठा पडदा निवडला जायचा, पडद्यापाठोपाठ चित्रांसाठीचं वेगळं कार्ड यायचं, कार्ड तापतं म्हणून पंखा, आणि पंख्याच्या मागोमाग सात रंगांत लुकलुकणारा कीबोर्ड. एकाला बोलवावं आणि अख्खी वरात दारात उभी राहावी, तसं. चिडून पंखा काढला की मेमरी गुपचूप पुन्हा आठवर.

"ती टिक निघणार नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. शर्टाच्या दोन बाह्या दोन वेगवेगळ्या उंचीवर दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल.

"पण मला पंखा नकोय."

"माहितीये. मीसुद्धा काल अर्धा तास हेच करत होतो."

मला वाटलं, हेही माझ्यासारखंच अडकलेलं गिऱ्हाईक. मग काय, मी मोकाट सुटले. "ही यादी ज्याने केली ना, त्याला एकदा समोर बसवायला हवं. म्हणावं, मी चहा मागितला तर तू मला कप घ्यायला लावशील, ते समजू शकते. टेबल, खुर्ची आणि फुलदाणी कशाला?"

तो अगदी गंभीरपणे ऐकत होता. मान किंचित तिरकी.

"यादी मी केलेली नाही," तो म्हणाला, "पण समोर बसायला माझी हरकत नाही. ते तिसरं टेबल. मी तिथे पगारीच बसतो."

कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

त्या टेबलावर पाटी होती – 'हवा तसा'. पुढचा 'लॅपटॉप' हा शब्द खांबामागे गेला होता, त्यामुळे ती पाटी त्या माणसाच्याच डोक्यावर लावल्यासारखी दिसायची. मी समोरच्या खुर्चीत बसले. पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली, आणि टेबलावरून परत मांडीवर.

"काम काय करता तुम्ही? म्हणजे... लॅपटॉपवर."

"सबटायटल्स. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. नुसते संवाद नाही, आवाजसुद्धा लिहायचे असतात. दार वाजलं, कुत्रं भुंकलं, कुणी उसासा टाकला."

एका मोठ्या मालिकेचं काम मला मिळत होतं, वर्षभराचं. एक तारखेला सुरू. कंपनीची अट एकच – बत्तीसची मेमरी, नाहीतर त्यांचा प्रोग्राम चालत नाही. आणि माझी अट एकच – आवाज नको.

"आवाज का नको?"

"माझी मुलगी चार वर्षांची आहे. दुपारी एक ते साडेतीन झोपते. मी काम करते ते तेवढ्याच वेळात, त्याच खोलीत. दुसरी खोली नाही. आत्ताच्या लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की ती उठून बसते आणि विचारते, 'विमान आलं?'"

तो हसला नाही. पेन्सिल काढून त्याने कागदावर लिहिलं – एक ते साडेतीन. मला हे विचित्र वाटलं. लॅपटॉपच्या दुकानात माणूस पेन्सिलने लिहितो, आणि लिहितो ते माझ्या मुलीच्या झोपेची वेळ.

"उसासा कसा लिहितात?" त्याने न पाहताच विचारलं.

"कंसात. 'उसासा' एवढंच. 'दुःखाने उसासा टाकते' असं नाही चालत. जे ऐकू येतं तेच लिहायचं. आपल्याला जे वाटतं ते नाही."

"आणि कुणी नुसतंच गप्प बसलं तर?"

"तर काही लिहायचं नाही."

"मग बघणाऱ्याला कसं कळणार?"

"चेहरा दिसतो ना त्याला."

त्यावर त्याने वर पाहिलं. फार नाही... असेल एखादं सेकंद. पण मी सबटायटल्स बसवताना सेकंदाचे पंचवीस भाग मोजणारी बाई आहे. ते पंचवीसच्या पंचवीस भाग मला जाणवले.

"मी बघतो काहीतरी," तो म्हणाला. "आमच्याकडे पंखेवाली तीन मशीन्स आहेत. एखाद्याचा आवाज कमी असेलही. रेकॉर्ड करून पाठवू का तुम्हाला? कान तुमचा, तुम्हीच ठरवा."

गिऱ्हाइकासाठी कुणी इतकं करतं का? करत असतीलही. मोठी दुकानं आहेत, शिकवत असतील त्यांना. मी नंबर दिला. देताना शेवटचे दोन आकडे उलटे सांगितले, मग दुरुस्त केले, आणि दारापर्यंत जाताना विचार करत राहिले, की आपला स्वतःचा नंबर कोण चुकतं?

*

वहिनी खालच्या मजल्यावर राहते. मी बाहेर गेले की मुलगी तिच्याकडे. मुलीचं घरातलं नाव भिंगरी. ते का, हे तिला दोन मिनिटं पाहणाऱ्या कुणालाही कळेल.

"झालं का घेऊन?" वहिनीने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

"नाही. मेमरी घेतली तर पंखा घ्यावा लागतो."

"मग?"

"मग तो तिसऱ्या टेबलावरचा म्हणाला, पंख्यांचे आवाज पाठवतो."

वहिनीची घडी हवेतच थांबली. "काय पाठवतो?"

"आवाज. रेकॉर्ड करून."

"बाई गं. आमच्या वेळी लोक निदान फुलं तरी पाठवायचे."

"वहिनी, तो दुकानदार आहे."

"मी कुठे म्हटलं काही? नाव काय त्याचं?"

"माहीत नाही. पाटीवर 'हवा तसा' लिहिलंय."

झालं. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'हवातसा' पडलं. जेवताना, जिन्यात, नळाखाली भांडी विसळताना – तुझा तो हवातसा काय म्हणतो? आणि मी दर वेळी सांगायची, माझा नाहीये. हे सांगण्याची इतकी सवय लागली, की एकदा वहिनीने भाजीवाल्याबद्दल विचारलं तरी मी तेच म्हणाले.

खरं सांगायचं तर मला हसू येत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. भिंगरीचे बाबा दुसऱ्या शहरात असतात, दुसऱ्या संसारात. दर रविवारी दहाला फोन करायचं ठरलं होतं. आधी दहाला यायचा, मग दुपारी, मग एखादा रविवार सुटायला लागला. भिंगरी काही विचारत नाही. फक्त रविवारी सकाळी माझा फोन उचलून खिडकीत नेऊन ठेवते आणि आपण शेजारी स्टुलावर बसते. तशीच. पाय हलवत. मी एकटीने राहायला शिकले होते, ते फारसं कठीण नव्हतं. पण त्या स्टुलावर तिने आणखी एका माणसासाठी बसलेलं मला बघवलं नसतं. हे एवढं मला स्पष्ट होतं. बाकी सगळा गोंधळ होता.

तीन फाइल्स दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. भिंगरी झोपली होती. मी हेडफोन लावले.

पहिला पंखा – घोंघावणारी माशी. दुसरा – लांबचा पाऊस. बरा, पण मध्येच खाकरायचा. तिसरा चांगला होता, अगदी हलका. तो थांबला आणि मी हेडफोन काढणार, तेवढ्यात लक्षात आलं की फाइल अजून चालूच आहे. तो रेकॉर्डिंग बंद करायला विसरला होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक जाडसर आवाज, वयस्कर: "कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"त्या सबटायटल्सवाल्या बाई, काका. कालच्या."

"पंख्याचा आवाज पाठवतोस? स्वतःचा पाठव की." हसणं. स्क्रू टेबलावर पडल्यासारखा टिणटिण आवाज. म्हणजे हे दुरुस्तीवाले काका असणार. काउंटरमागच्या काचेच्या खोलीत बसलेले मी पाहिले होते.

मग तो. हळू, पण माझ्या कानाला हळू म्हणजे काही नसतं. "मशीन त्यांच्या हातात पडेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. एक तारखेला काम आहे त्यांचं. मी काही विचारलं आणि त्यांना नाही म्हणायचं असलं, तर मशीन सोडून जावं लागेल त्यांना. कामही जाईल. आधी मशीन. ते वेगळं, हे वेगळं."

"आणि मशीन मिळाल्यावर त्या परत कशाला येतायत तुझ्या दुकानात?"

पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"ते खरंय," तो म्हणाला. मग कुणीतरी फोन उचलला आणि फाइल संपली.

मी हेडफोन काढले. खोलीत भिंगरीचा श्वास, लांब कुठेतरी पाण्याचा पंप. मी पुन्हा हेडफोन लावले आणि शेवटची चाळीस सेकंदं परत ऐकली. मग आणखी एकदा. कामाच्या सवयीने, नाहीतर... नाही, कामाच्या सवयीनेच.

आता काय करायचं? आमच्या कामात असं चुकून काही रेकॉर्ड झालेलं सापडलं तर लगेच कळवायचा नियम आहे. मी कळवलं नाही. त्याला लिहिलं, "फाइल्स मिळाल्या. तिसरा बरा आहे. पण तोही नको." एवढं लिहायला मला वीस मिनिटं लागली.

*

पुढच्या आठवड्यात वहिनीचा दात दुखायला लागला, म्हणून भिंगरीला सोबत घेऊन दुकानात जावं लागलं. मला पाहून तो उभा राहिला. मग गिऱ्हाइकासाठी कुणी उभं राहत नाही हे लक्षात आलं असावं, म्हणून टेबलाचा खण उघडून उगाच आत पाहिलं.

मला सगळं माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. अशा वेळी हात कुठे ठेवतात?

"एक दाखवायचंय," तो म्हणाला. समोर वही होती, आणि वहीत पानभर तक्ता, पेन्सिलने ओढलेला. उभ्या ओळीत रंग, आडव्या ओळीत पॅक, म्हणजे एकासोबत आपोआप येणारे वस्तूंचे गठ्ठे, घरांत फुल्या. फुल्याच फुल्या. "सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. एकेक करून. काळ्या रंगात बत्तीस घेतली की पंखा येतो. चंदेरीत येतो. निळ्यात तर पिशवीही येते."

"मग?"

"हा करडा." त्याने पेन्सिलचं टोक एकुलत्या एका मोकळ्या घरावर टेकवलं. "करडा कुणीच घेत नाही. पॅक बनवणारे करड्याला विसरले असावेत. करड्या रंगात पातळ मशीन घ्या, बत्तीस लावा – आणि काहीच होत नाही. बाकी काहीही आपोआप येत नाही."

त्याने करून दाखवलं. टिक लागली. आम्ही दोघांनी श्वास धरून स्क्रीनकडे पाहिलं. पंखा आला नाही.

"किती वेळ लागला तुम्हाला हे शोधायला?" मी विचारलं.

"दुपारीच बसायचो," तो म्हणाला. "एक ते साडेतीन गर्दी कमी असते."

मी वहीकडे पाहत राहिले. करडा रंग तसा उंदरासारखा होता, पण मला त्या वेळी जगात त्याहून देखणा रंग दिसत नव्हता.

"आई, मी दाबू?" भिंगरी स्क्रीनच्या खाली येऊन उभी राहिली होती. बोट तयार.

"हे नको दाबूस," तो घाईने म्हणाला. "हे दाबलं तर ऑर्डर जाते. एकदाच जाते."

"मी एकदाच दाबणार."

"नको गं. चुकलं तर आईचं मशीन चुकीचं येईल."

भिंगरीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट मागे घेतलं, मुठीत ठेवलं आणि माझ्यामागे जाऊन उभी राहिली. बटण मी दाबलं.

जाताना तो दारापर्यंत आला. "सहा दिवसांत येईल. मी फोन करतो. म्हणजे... दुकानातून फोन येईल."

"तुम्ही कराल की दुकान करेल?"

तो गोंधळला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गोंधळ निदान वाटून घेता येतोय.

"दुकानात मी एकटाच फोन करतो," तो म्हणाला.

*

तीस तारखेला मशीन आलं. भुरभुर पाऊस होता, छत्री उघडली तर लाज वाटावी आणि मिटली तर केस ओले व्हावेत असा. मी सही केली. त्याने कागदावर शिक्का मारला, एक प्रत मला दिली, एक खणात ठेवली आणि दोन्ही तळहात टेबलावर टेकवून एकदा खोल श्वास घेतला. मागच्या काचेत दुरुस्तीवाले काका एकाच स्क्रूशी बराच वेळ झटत होते.

"तुमची ऑर्डर आता बंद झाली," तो म्हणाला. "बसस्टॉपपर्यंत सोडू? खोकं भिजेल."

छत्री त्याने खोक्यावर धरली. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी भिजत चाललो. त्याच्या कपाळावरून एक थेंब निघून भुवईपाशी थांबला होता, आणि तो आता पडेल, मग पडेल, एवढ्याचकडे माझं लक्ष होतं. मला काय येणार आहे ते माहीत होतं. इतके दिवस मी त्याची वाट पाहत होते, असंही म्हणायला हरकत नाही.

बस लांबून दिसली तेव्हा तो बोलला. "मला हे आधीच म्हणायचं होतं, पण तुमचं काम अडलं असतं. मला... तुम्ही आवडता. आणि मी सगळा विचार केलाय. तुमच्यासोबत ती आहे, मला कल्पना आहे. माझी काही हरकत नाही. मला पूर्ण पॅक चालेल."

थेंब पडला.

तो हसत होता, ओशाळं, प्रेमळ हसू. त्याला वाटत होतं, आपण फार चांगलं काहीतरी बोललो.

"ती पॅकमधून येत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ती कीबोर्ड नाहीये. मी हवी म्हणून तिला चालवून घ्यायचं – हरकत नाही म्हणून – असं तिला कुणी घेतलेलं मला नकोय."

"मला तसं नव्हतं—"

बस आली. मी चढले. खोकं मांडीवर घेऊन बसले आणि खिडकीतून पाहिलं, तर तो तिथेच उभा होता. छत्री अजून खोक्याच्या उंचीवर धरलेली, खाली काहीच नव्हतं.

*

काम सुरू झालं. करडा लॅपटॉप खरोखरच गप्प होता. इतका, की दुपारी खोलीत फक्त भिंगरीचा श्वास आणि माझी बोटं. मी दिवसाला दोन भाग संपवत होते आणि एका पात्राच्या हसण्याला चुकून 'उसासा' लिहीत होते.

"चिडलीस का तू त्याच्यावर?" वहिनीने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं होतं, फाइलसकट.

"माहीत नाही. तो वाईट वागला असं नाही. पण वाक्य वाईट होतं."

"अगं, दुकानात बसणारा माणूस. दिवसभर पॅक, पॅक, पॅक. तुझा दादा मला बघायला आला तेव्हा काय म्हणाला होता माहितीये? तेव्हा तो ट्रकच्या टायरचं काम करायचा. म्हणाला, 'तुम्ही फार मजबूत दिसता.'"

मला हसू आवरेना. वहिनीलाही. मग ती एकदम थांबली.

"आणि तू? तू सगळं आधीच ऐकून बसली होतीस. त्याला बिचाऱ्याला वाटतंय, तो अचानक बोलला. तू तयारी करून नापास केलंस त्याला."

हे मात्र लागलं. कारण ते खरं होतं. तो मशीन आणि मन वेगळं ठेवण्यासाठी गप्प बसला, आणि मी त्याचं ते गप्प बसणं तीनदा ऐकून, काहीच न सांगता, त्याच्यासमोर गिऱ्हाईक होऊन बसले.

सहाव्या दिवशी दुपारी मी लिहिलं: "तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फाइलमध्ये शेवटी चाळीस सेकंदं जास्तीची आहेत. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग 'लिहीत आहे' असं दिसलं. मग बंद. मग पुन्हा लिहीत आहे.

"किती ऐकलंत?"

"सगळं. मला तेवढंच काम येतं."

"काकांचं पण?"

"काकांचं जास्त आवडलं."

पुन्हा लिहीत आहे... लिहीत आहे... मी नखं खाणं सोडून तीन वर्षं झाली होती, ती त्या मिनिटात वाया गेली.

"बसस्टॉपवरचं वाक्य परत घेता येईल का मला? मी रोज ते स्वतःला ऐकवतोय. फार घाण वाक्य आहे."

"तुमच्या दुकानात माल किती दिवसांत परत घेतात?"

"सात."

"मग उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या रविवार. आम्ही चारच्या सुमाराला तलावाजवळच्या बागेत असतो."

पाठवलं आणि फोन उशीखाली सरकवला. पंचवीस भाग, पुन्हा पंचवीस भाग. मला नक्की काय हवं होतं? तो यावा असं वाटत होतं आणि आला नसता तर सगळं सोपं झालं असतं, असंही. दोन्ही एकदम.

*

तो आला. बाह्या आज दोन्ही सारख्या दुमडलेल्या होत्या. कुणीतरी सांगितलं असावं, बहुतेक काकांनी. हातात काही नव्हतं. खाऊ नाही, फुगा नाही. हे मी आधी पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला एक गुण दिला.

सकाळी बाबांचा फोन आला नव्हता. भिंगरी अकरापर्यंत स्टुलावर बसली होती. आता ती वाळूच्या खड्ड्यात लाल बादलीने काहीतरी फार महत्त्वाचं करत होती.

मी बाकावर होते. तो जवळ आला, पण बसला नाही.

"मी तिला वेगळं विचारू का?" तो म्हणाला. "तुम्हाला नंतर विचारतो. किंवा आधी, तुम्ही म्हणाल तसं. पण एकत्र नाही विचारणार."

मी मानेनेच वाळूच्या खड्ड्याकडे खूण केली.

तो वाळूच्या कडेला उकिडवा बसला. पँटला वाळू लागली, त्याने झटकली नाही.

"ओळखलंस मला?"

"तू बटणवाला," भिंगरी म्हणाली. वर न बघता.

"हो. तेव्हा दाबू दिलं नाही मी. मला घाई झाली होती. सॉरी."

भिंगरीने वाळू भरली, ओतली, पुन्हा भरली.

"मला विचारायचं होतं... मी कधी कधी तुमच्याकडे आलो, तर तुला चालेल? रोज नाही. येईन म्हटलं त्या दिवशी येईन."

आता तिने वर पाहिलं. त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. चार वर्षांच्या मुलीने जितका विचार करावा त्याहून बराच जास्त विचार केला. मी बाकाची कड घट्ट धरली होती.

"नको," ती म्हणाली.

मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. का गं? मी तुला काहीतरी आणेन? आपण मैत्री करू? मोठी माणसं म्हणतात ते सगळं. मी ते ऐकायच्या तयारीत होते आणि ऐकलं असतं तर पर्स उचलून निघालेही असते.

"बरं," तो म्हणाला. आणि उठला.

तो बाकापाशी आला. चेहरा उतरला होता, लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. वाऱ्याने झाडाचं एक पिवळं पान त्याच्या बुटावर आणून टेकवलं होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"तिचं 'नको' आलं," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"मग मी निघू का?"

"मला विचारायचं होतं ना तुम्हाला. वेगळं."

तो थांबला. "पण तिचं 'नको' आहे."

"ते तिचं आहे. माझं तुम्ही अजून विचारलंच नाहीत."

ज्या माणसाने दोनशे जोड्या लावून एक मोकळं घर शोधलं होतं, त्याला आता एक साधा प्रश्न जमेना. "तुम्हाला," तो म्हणाला, "तुम्हाला मी... म्हणजे तुम्हाला चालेल—नाही, चालेल नाही. आवडेल का?"

"हो," मी म्हणाले. "मला आवडता तुम्ही. त्या तक्त्यापासून. कदाचित त्याच्या आधीपासून, पण ते मी नक्की सांगू शकत नाही."

"आणि ती?"

"तिचं बदललं तर ती सांगेल. नाही बदललं तर आपण इथेच भेटू, बागेत, ती खेळत असताना. तिला कुणी समजवायचं नाही. मी नाही, तुम्ही नाही, वहिनीने तर मुळीच नाही."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

त्याने मान डोलावली. गंभीरपणे, पहिल्या दिवशी स्क्रीनपाशी ऐकत होता तशीच तिरकी मान. "मला वेळ आहे," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "मी बसू?"

"त्या टोकाला."

तो बाकाच्या त्या टोकाला बसला. मी या टोकाला. मध्ये दोन माणसं सहज बसतील एवढी जागा. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, त्याच वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनी घाईने वाळूकडे पाहिलं.

भिंगरी उभी राहिली. फ्रॉकला हात पुसले. बादली उचलून, जड होती म्हणून दोन्ही हातांनी, पावलं मोजत ती बाकापर्यंत आली आणि ती वाळूने भरलेली बादली तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"धर," ती म्हणाली. "मी झोक्यावर चाललेय. तू खेळायचं नाहीस. नुसती धर."

"किती वेळ?"

"मी येईपर्यंत."

ती पळाली. त्याने बादली दोन्ही हातांनी धरली. ओली वाळू त्याच्या पँटवर झिरपत होती, झोका लांब कुरकुरत होता, आणि तो हलला नाही.